वाऱ्याचा जमाखर्च

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात एका खेड्यात तुमची शाळा आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला १ लाख रुपये दिले आहेत. कुणी कापूस विकून पाचशे दिले, कुणी पहिल्या पगारातले हजार दिले. या पैशांचे काय करावे, असा विचार चालू असताना शाळेत एक विक्रेता येतो. त्याच्याजवळ रंगीत पत्रक आहे. त्यावर लिहिले आहे : ‘संपूर्ण भारतीय शोध! नव्या आकाराच्या पात्यांची पवनचक्की. व्यास २ मीटर, शक्ती १ किलोवॅट. वारा फुकट, म्हणून वीजही फुकट. किंमत फक्त १ लाख रुपये.’

गुरुजी म्हणतात, “आपल्या देशातला शोध आहे, त्याला उत्तेजन द्यायला हवे.” सरपंच म्हणतात, “शाळेचे वीजबिल वाचेल.” दोघांचाही हेतू चांगला आहे. पण चक्की घ्यावी की नाही, हे हेतूवरून ठरत नाही. ते हिशेबावरून ठरते, आणि हा हिशेब तुम्हांला करता येतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ, संख्येचा घन आणि गतिज ऊर्जेचे सूत्र एवढे ठाऊक असले की पुरे. चला तर, पत्रक बाजूला ठेवू आणि वही-पेन्सिल घेऊ.

वाऱ्यात शक्ती असते किती?

वारा म्हणजे वाहती हवा. हवेला वजन असते हे तुम्ही शिकला आहात. एक घनमीटर हवेचे वस्तुमान थंडीत सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात हवा प्रसरण पावते, तेव्हा ते १.१ किलोग्रॅमपेक्षा थोडे कमीच भरते. आपण वर्षाचा हिशेब करताना १.१ धरू. आपला देश उष्ण आहे, ही गोष्ट पवनचक्कीच्या बाबतीत थोडी तोट्याची आहे, हे येथेच लक्षात घ्या.

आता वाऱ्याच्या समोर १ चौरस मीटरची एक चौकट उभी धरली आहे, अशी कल्पना करा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर एका सेकंदात चौकटीतून ३ घनमीटर हवा जाईल. वेग ६ मीटर झाला, तर ६ घनमीटर जाईल. म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचे वस्तुमान दुप्पट. पण गोष्ट येथे संपत नाही. गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलोग्रॅम हवेची ऊर्जा चौपट होते. दुप्पट हवा आणि प्रत्येकीत चौपट ऊर्जा, तेव्हा एकूण शक्ती आठपट! वेग तिप्पट झाला तर शक्ती सत्तावीसपट. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, ती अशी. सूत्ररूपाने लिहायचे तर :

शक्ती = १/२ × हवेची घनता × क्षेत्रफळ × वेगाचा घन.

या एका सूत्रात पवनचक्कीच्या धंद्याचे निम्मे रहस्य सामावलेले आहे. जेथे वारा सेकंदाला ३ मीटर आहे तेथे आणि जेथे ६ मीटर आहे तेथे, एकच चक्की एकाच खर्चात उभी केली, तर एकीतून दुसरीच्या आठपट वीज मिळते.

सगळी शक्ती का मिळत नाही?

वाऱ्यातली सर्व शक्ती काढून घेणारी चक्की कोणी बनवील का? नाही, आणि याचे कारण कारागिराच्या कौशल्यात नाही, निसर्गनियमात आहे. सर्व शक्ती काढून घेतली तर चक्कीमागची हवा जागच्या जागी थांबेल. मग पुढून येणाऱ्या हवेला जागा कोठून मिळणार? एस. टी.मध्ये चढलेला प्रत्येक उतारू दारातच उभा राहिला, तर मागच्यांना चढता येत नाही, तसे हे आहे. उलट, हवा अजिबात न अडवता जाऊ दिली तर चक्की फिरणारच नाही. या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत फायद्याची जागा कोणती, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवले. १९१९ पासून हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. चक्कीमागच्या हवेचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांश राहिला, म्हणजे जास्तीत जास्त शक्ती मिळते, आणि ती वाऱ्यातील शक्तीच्या सुमारे ५९ टक्के असते. यापलीकडे जाता येत नाही. आजच्या उत्तम मोठ्या चक्क्या ४५ टक्क्यांच्या आसपास पोचल्या आहेत. छपरावर बसवायच्या लहान चक्क्यांना वर्षभराच्या कामात २५ टक्के मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे.

म्हणून कोणी ‘आमची चक्की नेहमीच्या चक्कीच्या चौपट कार्यक्षम आहे’ असे म्हणाला, तर लगेच ताडून पाहा. ४५ ची चौपट १८० टक्के होते. वाऱ्यात आहे त्याहून अधिक कोणी कसे काढणार?

पत्रकातला १ किलोवॅट

आता आपल्या विक्रेत्याकडे वळू. चक्कीचा व्यास २ मीटर, म्हणजे त्रिज्या १ मीटर आणि क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘१ किलोवॅट, वाऱ्याचा वेग सेकंदाला १२ मीटर असताना.’ हे खोटे आहे का? करून पाहू. १२ चा घन १७२८. तेव्हा १/२ × १.१ × ३.१४ × १७२८ म्हणजे सुमारे २९८४ वॅट. त्याचा एक तृतीयांश काढता आला तर १ किलोवॅट मिळेल. म्हणजे विक्रेता खोटे बोलत नाही. त्याने फक्त वारा आपल्या सोयीचा निवडला आहे. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा सुटला की मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणे कठीण होते. तुमच्या गावात असा वारा वर्षातून किती तास असतो?

वर्धा जिल्हा समुद्रापासून दूर, पठाराच्या आतल्या भागात आहे. उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि पावसाळ्याचे दिवस सोडले, तर येथले वारे बहुधा मंदच असतात. खळ्यावर तुरीची उफणणी करणारा शेतकरी सूप हातात धरून वाऱ्याची वाट पाहत उभा राहतो, हे तुम्ही पाहिले असेल. वारा पडला की काम थांबते, मजुरी मात्र चालूच राहते. पवनचक्कीचे अगदी असेच असते. समजा, शाळेच्या छपरावर वर्षाचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर आहे. मग १/२ × १.१ × ३.१४ × २७ म्हणजे सुमारे ४७ वॅट.

येथे एक बारकावा आहे, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. वारा नेहमी सरासरी वेगाने वाहत नाही. समजा, अर्धा वेळ तो २ मीटर वेगाने वाहिला आणि अर्धा वेळ ४ मीटर वेगाने. सरासरी ३ च आली. पण घन पाहा : २ चा घन ८, ४ चा घन ६४, आणि त्यांची सरासरी ३६. ही ३ च्या घनापेक्षा, म्हणजे २७ पेक्षा, बरीच जास्त आहे. प्रत्यक्ष वाऱ्यातील चढउतार धरले तर ही वाढ साधारणपणे १.९ पट येते. तेव्हा विक्रेत्यावर अन्याय नको म्हणून ४७ ला १.९ ने गुणू. उत्तर सुमारे ८९ वॅट. त्याचे २५ टक्के म्हणजे २२ वॅट. वर्षाचे तास ८७६०. यावरून वर्षाची वीज सुमारे १९५ युनिट, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. १० वॅटचे पाच एलईडी दिवे दहा तास चालतील, एवढीच.

वर्ध्याचाच एक जुना धडा

वीज किती मिळेल हे कळले. ती कितीला पडेल, हे कसे काढायचे? त्यासाठी वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची आठवण करू. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ग्रामोद्योगांची साधने आणि चरख्यांचे नाना प्रकार तेथे पाहायला मिळतात. चरखा सुधारण्यासाठी त्या काळी फार खटपट झाली. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरखा बनवणाऱ्याला १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे १ लाख! पण बक्षीस ‘स्वदेशी’ या एका शब्दासाठी नव्हते. त्याच्या अटी काटेकोर होत्या. खेड्यातल्या सामान्य घरात बाईमाणसाला फारसे श्रम न होता आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. तो भारतात बनवता आला पाहिजे आणि किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. तो २० वर्षे टिकला पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा.

या अटी नीट वाचा. हा अर्थशास्त्राचा पाठच आहे. १५० रुपयांचा चरखा २० वर्षे टिकला, तर वर्षाला साडेसात रुपये झिजले. यालाच घसारा म्हणतात. दुरुस्ती ५ टक्के, म्हणजे आणखी साडेसात रुपये. दोन्ही मिळून वर्षाचे १५ रुपये. वर्षातून ३०० दिवस सूत काढले, तर दिवसाचा यंत्रखर्च एका आण्याहूनही कमी. समोर सोळा हजार फूट सूत. चरखा परवडतो की नाही, हे कोणालाही तोंडी सांगता आले असते.

अनेकांनी प्रयत्न केले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार झालेला एक चरखाही परीक्षेला आला होता. पण सर्व अटींना पुरे पडणारे यंत्र एकही निघाले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. देशभक्तीच्या भरातल्या त्या काळातही परीक्षकांनी अटी सैल केल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण नापास चरखा पास केला असता, तर त्याचा भुर्दंड सूत कातणाऱ्या गरीब बाईला पडला असता.

आता हीच रीत चक्कीला लावू. किंमत १ लाख, आयुष्य २० वर्षे, म्हणून घसारा वर्षाला ५,००० रुपये. दुरुस्ती ५ टक्के, म्हणजे आणखी ५,००० रुपये. एकूण १०,००० रुपये. वर्षाची वीज १९५ युनिट. तेव्हा एक युनिट सुमारे ५१ रुपयांना पडले! पैशावरचे व्याज तर यात धरलेलेच नाही. शाळेला युनिटमागे ८ रुपये पडतात असे धरले, तर ही ‘फुकट’ वीज सहापटींहून महाग आहे.

कोणी म्हणेल, “शोध आणखी सुधारेल, मग परवडेल.” तेही तपासू. बेट्झच्या मर्यादेला टेकणारी, म्हणजे ज्यापुढे जाताच येत नाही अशी आदर्श चक्की त्याच किमतीत बनली, असे समजा. ८९ वॅटचे ५९ टक्के म्हणजे सुमारे ५३ वॅट, आणि वर्षाला सुमारे ४६० युनिट. तरीही एक युनिट २२ रुपयांना. म्हणजे या छपरावर, या किमतीला, जगातला कोणताही नवा आकार ही चक्की परवडू देणार नाही. दोष पात्यांचा नाही. दोष मंद वारा, लहान क्षेत्रफळ आणि जास्त किंमत यांचा आहे.

हीच चक्की सेकंदाला सरासरी ६ मीटर वारा असलेल्या डोंगरमाथ्यावर नेली तर? तेवढीच घनता धरून वीज आठपट, सुमारे १५६० युनिट. एक युनिट ६ रुपये ४० पैशांना. यंत्र तेच, दाम तेच. ५१ रुपयांचे साडेसहा रुपयांवर आले ते केवळ जागेमुळे.

अभिमान आणि अनुभव

नव्या चक्क्यांचे मोठे दावे जगभर होतात. २०१२ मध्ये ट्युनिशियातील सॅफॉन एनर्जी या कंपनीने पाती नसलेल्या, शिडासारख्या डुलणाऱ्या यंत्राची घोषणा केली आणि ते नेहमीच्या चक्कीच्या दुपटीहून अधिक कार्यक्षम असल्याचे सांगितले. २०१५ च्या सुमारास स्पेनमधील व्होर्टेक्स ब्लेडलेस या कंपनीने वाऱ्यात थरथरणाऱ्या उभ्या खांबाचा गाजावाजा केला. दोन्हींमागे कल्पकता आहे. पण तीन पात्यांच्या चक्कीची जागा दोहोंपैकी कोणीही घेतलेली नाही. आपले सूत्र लावून पाहा : थरथरणारा खांब वाऱ्याचे किती चौरस मीटर क्षेत्र व्यापतो? आणि फिरणारी पाती किती व्यापतात?

मोठ्या देशांनाही हा धडा महाग पडला आहे. अमेरिकेत व्हर्माँटच्या डोंगरावर १९४१ मध्ये १,२५० किलोवॅटची प्रचंड चक्की उभी राहिली. मार्च १९४५ मध्ये तिचे एक पाते तुटून पडले. ती पुन्हा उभी करता आली असती, पण कंपनीने हिशेब केला आणि वीज महाग पडते असे पाहून नाद सोडला. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये ग्रोव्हिआन नावाची ३,००० किलोवॅटची चक्की बांधली. पात्यांचा व्यास १०० मीटर! १९८७ पर्यंत ती मोजून सुमारे ४२० तास चालली. पुढे ती उतरवावी लागली.

या दोन्ही गोष्टींच्या शेजारी डेन्मार्कची गोष्ट ठेवा. तेथे आस्कोव्ह या खेड्यातल्या लोकविद्यालयात पाउल ला कूर नावाचे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी शाळेच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. प्रयोग करून त्यांनी दाखवले की पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगवान चक्की वीजनिर्मितीला चांगली. खेड्यातल्या तरुणांना ते विजेचे काम शिकवीत. त्यांच्या वर्गात शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभारली. ती दहा वर्षे चालली. १९७० नंतरच्या दशकात रिसागर नावाच्या सुताराने त्याच धर्तीवर २२ किलोवॅटची लहान चक्की बनवून विकली. मग ५५ किलोवॅटच्या आल्या. प्रत्येक पायरीवर मोडले ते दुरुस्त केले, टिकले ते मोठे केले. जर्मनीची चक्की कागदावरून एकदम आकाशात गेली. डेन्मार्कची पायरीपायरीने चढली. आज जगभर दिसणारी चक्की डेन्मार्कच्या वळणाची आहे.

देवगडपासून साताऱ्यापर्यंत

आपल्या देशात पवनवीजेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुरू झाले. गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतीकोरीन आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातले देवगड, ही ती ठिकाणे. देवगडच्या चक्क्या त्याच ५५ किलोवॅटच्या डेन्मार्कच्या जातीच्या होत्या.

पुढे १९९८ नंतरच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर शेकडो चक्क्या उभ्या राहिल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा चांगला होता हे एक कारण. दुसरे कारण कराच्या सवलतीचे. चक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून घसारा म्हणून वजा करता येत असे, आणि राज्याने विक्रीकरातही सूट दिली होती. त्यामुळे ज्यांचा विजेशी संबंध नव्हता अशा धंद्यांनीही चक्क्या घेतल्या. सवलतीमुळे उद्योग लवकर उभा राहिला, हे खरे. पण अशी सवलत चक्की उभारण्याला मिळते; ती किती वीज देते याच्याशी तिचा संबंध नसतो. म्हणून २००९ मध्ये केंद्र सरकारने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटामागे ५० पैसे देण्याची वेगळी योजना आणली. आणि २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले : जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्याचा प्रकल्प. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या लिलावात दर आला ३ रुपये ४६ पैसे आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात २ रुपये ६४ पैसे. मार्च २०२५ अखेर देशातील पवनवीजेची क्षमता ५० हजार मेगावॅटपर्यंत गेली होती.

वीज एवढी स्वस्त कशी झाली? उत्तर पुन्हा आपल्याच सूत्रात आहे. देवगडच्या काळातल्या ५५ किलोवॅटच्या चक्कीचा व्यास सुमारे १५ मीटर असे. आता १४० मीटरच्या वर व्यास असलेल्या चक्क्या आपल्या देशात बनतात. व्यास नऊपटींहून मोठा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८७ पट. शिवाय मनोरा उंच. जमिनीलगत झाडे-घरे वाऱ्याला अडवतात. वर वारा मोकळा असतो. मोकळ्या सपाट प्रदेशात १० मीटर उंचीवर ३ मीटर असलेला वेग १०० मीटर उंचीवर सुमारे ४.२ मीटर होतो, आणि शक्ती पावणेतीन पट. तेव्हा ‘वर्ध्यात वारा नाही’ असेही घाईने म्हणू नका. आपण हिशेब केला तो छपरावरच्या वाऱ्याचा. शंभर मीटरवरचा वारा वेगळा मोजावा लागेल.

भारतीय शोध म्हणजे काय?

सुझलॉन ही पुण्यात मुख्यालय असलेली कंपनी तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केली. ते मूळचे कापड धंद्यातले. कारखान्याचे वीजबिल परवडेना म्हणून त्यांनी पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून चक्क्या बनवण्याच्याच उद्योगात शिरले. सुरुवातीचे तंत्र त्यांनी एका जर्मन कंपनीकडून घेतले होते. मग ही चक्की भारतीय की परकी? मूळ कल्पना बाहेरची, बनावट येथली, आणि येथल्या मंद व उष्ण वाऱ्यासाठी मोठी पाती करण्याचे काम येथल्या यंत्रज्ञांचे. खरे शोध बहुतेक असेच मिश्र असतात. यात कमीपणा नाही.

पण या उद्योगातली एक गोष्ट अशी आहे की ती कोणत्याही देशाकडून विकत आणता येत नाही. ती म्हणजे आपल्या वाऱ्याची मोजणी. हे काम अ‍ॅना मणी या शास्त्रज्ञ बाईंनी केले. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि हवामान मोजण्याची उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. देशभरच्या वाऱ्याच्या नोंदी जमवून, तपासून त्यांनी १९८३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चक्की कोठे उभारावी आणि कोठे उभारू नये, हे अशाच नोंदींवरून कळते. रंगीत पत्रकात असे काम दिसत नाही, पण त्याखेरीज एकही चक्की परवडली नसती.

मग शाळेने काय करावे?

पत्रकावर तुम्ही केलेला हिशेब गुरुजींना दाखवा. विक्रेत्याला नम्रपणे पत्र लिहा आणि चार गोष्टी विचारा : सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात चक्की किती वॅट देते? वर्षाला किती युनिटांची लेखी हमी देता? हमीएवढी वीज न मिळाल्यास पैसे परत कराल का? मोडल्यास दुरुस्त कोण करील, आणि सुटे भाग वर्ध्यात मिळतील का? ज्याचा शोध खरा आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. तो उत्तरे देईल, किंवा चक्की एक वर्ष परीक्षेसाठी छपरावर ठेवून जाईल.

तुलनेसाठी आणखी एक आकडा. १ किलोवॅटची सौर विद्युत्-पाटी विदर्भाच्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट देते, म्हणजे वर्षाला सुमारे १४६०. आपल्या छपरावरच्या चक्कीच्या सातपट. देवळीच्या शाळेपुढे ऊन आणि वारा यांपैकी एकच निवडायचे असेल, तर काय निवडावे हे आता तुम्ही स्वतः सांगू शकाल. गुरुजींना देशातल्या शोधाला उत्तेजन द्यायचे आहे, तेही होईल. कारण वर्षभराच्या तुमच्या नोंदी हीच त्या शोधकाला सर्वांत उपयोगी मदत आहे.

करून पाहा

१. वाऱ्याची वही. महिनाभर रोज सकाळी ८, दुपारी २ आणि सायंकाळी ६ वाजता वाऱ्याचा अंदाज लिहा. धूर कलतो पण पान हलत नाही, तर वेग सेकंदाला सुमारे १ मीटर. पाने सळसळतात, तर २ ते ३ मीटर. हलका झेंडा पसरतो, तर ४ ते ५ मीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडतात, तर ६ ते ८ मीटर. लहान झाडे डोलू लागतात, तर ८ ते १० मीटर. मे महिन्यातली वावटळ क्षणभराची असते. ती सरासरीत धरू नका.

२. महिन्याच्या शेवटी सर्व वेगांची सरासरी काढा आणि तिचा घन करा. मग प्रत्येक वेगाचा घन करून त्या घनांची सरासरी काढा. दोन उत्तरांत किती फरक पडतो? तो १.९ पटीच्या जवळ आहे का?

३. चक्कीचा व्यास २ ऐवजी ४ मीटर केला आणि किंमत २ लाख रुपये झाली, तर वर्ध्याच्या छपरावर एक युनिट कितीला पडेल? किंमत ४ लाख झाली तर?

४. वर्तमानपत्रात ‘आपल्या देशाचा शोध’ म्हणून आलेली एखादी बातमी कापून वहीत चिकटवा. तिच्यापुढे चरख्याच्या अटींप्रमाणे पाच रकाने आखा : उत्पादन, किंमत, आयुष्य, दुरुस्तीखर्च, चालवणाऱ्याचे श्रम. बातमीतून किती रकाने भरतात ते पाहा. जे रिकामे राहतील त्यांबद्दल वर्गात चर्चा करा.